खंडेनवमीच्या निगेटिव्ह

माझ्याकडे चार कॅमेरे आहेत आणि घरातल्या भिंतीवर मी काढलेला एकही फोटो नाही. नवरा हे आल्यागेल्याला सांगतो तेव्हा सगळे हसतात, मीही हसते. एखादी लेन्स घ्यायची ठरली की तिच्याबद्दल जगभरातल्या हौशी लोकांनी काय काय लिहिलंय ते वाचायचं, तक्ता करायचा, तक्त्यात गुण द्यायचे, आणि भलत्याच लेन्सला जास्त गुण पडले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. तोवर ज्या फुलांसाठी लेन्स हवी होती ती फुलं झडून त्यांनी बी धरलेलं असतं.

हा माझा स्वभाव म्हणावा की कामाची लागलेली खोड, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. महाळुंग्याच्या एका कारखान्यात मी गेली बावीस वर्षं मोजमाप विभागात आहे. तिथं गाड्यांचे सुटे भाग बनतात आणि ते बरोबर बनलेत का, हे आम्ही थंडगार खोलीत बसून मोजतो. मोजायची साधनंसुद्धा आम्हीच तपासतो. नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात आम्ही दोन नियम शिकवतो. ज्यानं मोजायचं ते साधन मोजायच्या वस्तूपेक्षा दहापट बारीक हवं, हा पहिला. आकडा विचित्र आला तर आधी साधन तपासायचं आणि मग वस्तू, हा दुसरा. पहिला नियम मी घरी घेऊन आले आणि दुसरा कंपनीतच विसरले. पुढे जे झालं ते एवढ्यातूनच झालं.

अप्पा, म्हणजे माझे वडील, विशीत लातूरकडच्या एका गावातून पिंपरीला आले आणि एका कंपनीत लोखंड कापायच्या लेथ मशीनवर लागले. रिटायर झाले तेही त्याच लेथवरून. तरुणपणी एकदा लोखंडाची कपची उडून डाव्या डोळ्यात गेली, तेव्हापासून त्या डोळ्याला फक्त उजेड आणि अंधार कळतो. उरलेल्या एका डोळ्यावर त्यांनी पुढची सगळी वर्षं मशीन चालवलं. आणि त्याच डोळ्यानं फोटोही काढले, पण वर्षातून एकदाच.

खंडेनवमीला कंपनीत मशीनची पूजा असायची. आदल्या दिवशी मशीनं पुसून लख्ख करायची, दुसऱ्या दिवशी त्यांना झेंडूच्या माळा घालायच्या, नारळ फोडायचा, आणि त्या एका दिवशी घरच्या माणसांना आत येऊ द्यायचं. कॅमेरा न्यायला एरवी सक्त मनाई. पण त्या दिवशी गेटवरचा वॉचमन अप्पांच्या गळ्यातला कॅमेरा पाहून न पाहिल्यासारखं करायचा. अप्पा आपल्या शॉपमधल्या, म्हणजे विभागातल्या, सगळ्यांना माळ घातलेल्या मशीनपुढे उभं करायचे आणि फोटो काढायचे. अशी अठरा वर्षं. फोटो धुऊन आले की पोस्टकार्डाएवढी एकेक कॉपी ज्याची त्याला देऊन टाकायचे. त्यांच्याकडे राहायच्या फक्त निगेटिव्ह.

आई गेल्यावर अप्पा आमच्याकडे सांगवीला राहायला आले. सामान म्हणजे कपड्यांच्या दोन पिशव्या आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा. पहिला दसरा तोंडावर आला तेव्हा त्यांनी तो डबा माझ्यापुढे ठेवला. आत स्टुडिओची पिवळी पडलेली पाकिटं होती, प्रत्येकावर वर्ष लिहिलेलं.

"तू ते फोटोचं करायलीस ना," ते म्हणाले. "ह्या मोठ्या करून दाव मला एकदा टीव्हीवर. कोण कोण हायत ते सांगून ठेवतो. माझ्यामागं कुणालाच कळायचं न्हाई."

मला फार आनंद झाला. आता खरं सांगायला हरकत नाही, तो आनंद बराचसा स्कॅनर घ्यायला कारण मिळालं ह्याचा होता.

निगेटिव्ह कॉम्प्युटरवर आणायचे मार्ग तीन. एक, सपाट काचेचा स्कॅनर, ज्यावर कागदही होतात आणि फिल्मही होते. दुसरा, फक्त फिल्मसाठी बनवलेला. तो आता बनत नाही, वापरलेला शोधावा लागतो आणि त्याला त्याच्याच वयाचा कॉम्प्युटर लागतो. तिसरा, खाली उजेडाची पाटी, तिच्यावर निगेटिव्ह आणि वरून कॅमेऱ्यानं तिचाच फोटो. तिन्ही मार्गांचे भक्त इंटरनेटवर एकमेकांची सालं काढत बसलेले असतात. मी सगळ्यांचं वाचलं. फिल्मवरचा कण किती बारीक असतो ते शोधलं, त्याला दहानं भागलं, आणि एवढं बारीक पाहणारा स्कॅनर हुडकायला लागले. निदान आमच्या घरात मावेल असा तो कुठं बनत नव्हता.

तीन-चार महिने ह्यातच गेले. अप्पा मधूनमधून विचारायचे, "आला का गं तुझा तो?" स्कॅनर हा शब्द त्यांच्या तोंडात बसायचा नाही. एकदा माझा तक्ता पाहून म्हणाले, "तुझ्यासाठी स्थळ बघताना मी एवढ्या चौकश्या केल्या न्हवत्या." नवरा पेपरातून मान वर न काढता म्हणाला, "ते दिसतंच आहे." आम्ही तिघंही हसलो. तेव्हा हसण्यासारखंच होतं सगळं.

त्यानंतर एका सकाळी मी कामाला निघायच्या गडबडीत होते आणि अप्पा बाल्कनीच्या काचेपाशी उभे होते. त्यांनी डब्यातली निगेटिव्हची एक पट्टी काढून काचेला लावली होती आणि उजवा डोळा अगदी जवळ नेऊन ते ती पाहत होते.

"बागेतल्या दोस्तानं दावलं," ते म्हणाले. "पट्टी अशी काचेला धरायची, फोननं फोटो काढायचा, आन् रंग उलटे करायचे. फोनमधीच हुतंय. चांगलं दिसतंय की. तेवढी नावं तरी लिहून घे."

मला आधी दिसले ते फिल्मवर टेकलेले त्यांचे अंगठे. मग काचेवरची धूळ. मी म्हटलं, "अप्पा, असं अर्धवट नको. एकदाच करू, पण नीट करू. आणि त्याला हात नका लावू, डाग पडतात."

हा आवाज मी कंपनीत ऑपरेटरला लावते. अप्पा सगळा जन्म ऑपरेटर होते, त्यामुळे तो ऐकून कसा घ्यायचा हे त्यांना चांगलं माहीत होतं. "बरं माय," म्हणाले, "तुझ्या पद्धतीनं होऊ दे." आणि पट्टी पाकिटात घालून डबा मिटला. बसला उशीर होत होता म्हणून मी निघून गेले.

शेवटी मी तिसरा मार्ग पकडला, कारण कॅमेरा घरात होता. फक्त जवळचं टिपणारी लेन्स, उजेडाची पाटी आणि कॅमेरा टांगायला स्टँड एवढंच हवं होतं. एवढंच म्हणता म्हणता वर्ष उलटलं. पहिल्या लेन्समध्ये कोपरे किंचित मऊ येत होते, ती परत केली. उजेडाच्या पाटीवर नऊ ठिकाणी उजेड मोजला, मधोमध जास्त निघाला, तीही परत. बाजारातले स्टँड मला हलके वाटले, म्हणून तळवड्याच्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये ॲल्युमिनियमचा जाड पाट करून घेतला आणि त्यावर खांब बसवून घेतला. मग बारीक फरक दाखवणारा डायल लावून कॅमेरा आणि पाट किती समांतर आहेत ते पाहिलं. दोन शतांश मिलिमीटरचा फरक आला. वर्कशॉपवाला म्हणाला, "मॅडम, ह्याच्यावर नक्की काय बनवणार आहात?" मी म्हटलं, फोटो. त्याचा विश्वास बसला नाही. मी पाट पुन्हा घासून आणला.

ह्याच दिवसांत कधीतरी सकाळी चहा पिताना अप्पा म्हणाले, "बाथरूमच्या दाराची चौकट वाकली बघ. मधीच फुगलीय."

आमची इमारत जुनी, नदी हाकेच्या अंतरावर. मला वाटलं पाया खचला असेल. मी लगेच कपाटातून पातळी तपासायची स्पिरिट लेव्हल काढली, चौकटीच्या दोन्ही बाजूंना लावली, वर लावली. मग पोलादी पट्टी लावून फट दिसते का पाहिलं. चौकट सरळ होती. मी लेव्हल दाराला धरून अप्पांना जवळ बोलावलं. म्हटलं, "बघा, बुडबुडा बरोबर मधोमध आहे."

अप्पा वाकले, लेव्हलकडे बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "मधी हाय म्हणतीस तर असंल."

त्यांना बुडबुडा दिसलाच नव्हता. हे मला आज कळतं. त्या दिवशी दार सरळ निघालं ह्याचंच मला बरं वाटलं, आणि मी लेव्हल पुसून जागेवर ठेवली. तीस-पस्तीस वर्षं एका डोळ्यानं लोखंड सरळ कापलेला माणूस सांगत होता की सरळ रेष वाकडी दिसतेय. आकडा विचित्र आला होता. आधी साधन तपासायचं, हे मी दरवर्षी नव्या मुलांना फळ्यावर लिहून शिकवते. मी दार तपासलं.

नंतर अप्पांनी दाराबद्दल चकार शब्द काढला नाही. पेपर वाचणं बंद झालं. विचारलं तर म्हणाले, रोज तेच तेच असतंय त्यात. बागेत जाणंही कमी झालं. एक दिवस माझ्यासमोर त्यांनी किटलीतला चहा कपाच्या शेजारी ओतला, अगदी शांतपणे, आणि तो टेबलावरून मांडीवर आला तेव्हा दचकले. तेव्हा कुठं मी त्यांना चिंचवडच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी चौकटीचौकटींचा एक कागद पुढे धरला आणि काय दिसतं ते विचारलं.

"कडंला चौकटी हायत," अप्पा म्हणाले. "मधी कायच न्हाई. आधी नुसत्या वाकड्या दिसायच्या, आता तिथं भोक पडल्यासारखं झालंय."

"वाकडं दिसायला कधी लागलं?" डॉक्टरांनी विचारलं.

अप्पांनी माझ्याकडे मान वळवली. उत्तर मला माहीत होतं. पाच महिने झाले होते. डॉक्टर भले होते, त्यांनी आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले की तेव्हाच आला असतात तर इंजेक्शनं देऊन बरंच धरून ठेवता आलं असतं. इंजेक्शनं दिली. कडेचं राहिलं ते राहिलं. मधलं गेलं ते परत आलं नाही. घरी येताना रिक्षात अप्पा मला समजावत होते. "समोरच्या मानसाचे कान दिसत्यात की मला," म्हणाले, "तोंड दिसत न्हाई एवढंच." मला तेव्हा इतकी लाज वाटली की त्यांचा हातही धरवेना. ती लाज अजून गेलेली नाही. जावी असंही मला वाटत नाही.

त्यानंतर आठ दिवसांत मी सगळ्या निगेटिव्ह स्कॅन केल्या. हसू नका, पण काहीच अडलं नव्हतं. स्टँड दोन महिन्यांपासून तयार होता. पट्टी सपाट धरून ठेवणारी एक चौकट मला पसंत पडत नव्हती, म्हणून काम थांबवलं होतं. आता मी पट्टीवर साधी काच ठेवली आणि सुरू झाले. शनिवार आणि रविवारची सकाळ मिळून अठरा वर्षं संपली.

फोटो इतके स्वच्छ आले की झेंडूची एकेक पाकळी मोजावी. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी ते टीव्हीवर लावले. अप्पा खुर्ची पुढे ओढून बसले आणि मान एका बाजूला वळवली. आता काही पाहायचं तर ते असं कडेच्या डोळ्यानं पाहतात, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की खिडकीबाहेर बघताहेत.

"सांग," ते म्हणाले. "कोण कोण हायत?"

मला कोण माहीत असणार? मी वही उघडून बसले होते, त्यांनी सांगायचं आणि मी लिहायचं असं ठरलं होतं. मी म्हटलं, "डावीकडून पहिला उंच आहे, मिशा आहेत."

"मिशा सगळ्यांनाच हुत्या, माय."

"पांढरा शर्ट."

"नवे कपडे घालून यायचे. पांढराच घ्यायचे सगळे."

मी चित्र मोठं केलं. त्या माणसाच्या खिशावर एक छोटा पितळी बिल्ला होता आणि त्यावरचा आकडा स्पष्ट दिसत होता. मी वाचला. अप्पा एकदम ताठ बसले. कंपनीत ज्याचा त्याचा नंबर असायचा, हजेरीला तो, कपाटावर तो, जेवणाच्या डब्यावरही तोच. नंबर ऐकताच त्यांनी त्या माणसाचं नाव सांगितलं, गाव सांगितलं, तो डब्यातलं तिखट कुणाला द्यायचा नाही तेही सांगितलं. मी भराभर लिहिलं. तेवढ्यापुरतं मला वाटलं, की माझी दोन वर्षं अगदीच पाण्यात गेली नाहीत. फोननं काढलेल्या फोटोत तो आकडा वाचता आला नसता.

पण तो सणाचा दिवस. नव्या शर्टावर बिल्ला कोण लावणार? अठरा वर्षांच्या फोटोंत मिळून अकरा बिल्ले निघाले. अकरा नावं वहीत आहेत. बाकीचे सगळे नुसतेच उभे आहेत, पाठीमागे माळा घातलेली मशीनं, चेहरे असे लख्ख की कुणाच्या हनुवटीवर वस्तऱ्यानं कापलंय तेही दिसावं. मी वर्णन करत राहिले, अप्पा आठवत राहिले. कुणी सापडेना. एकदा ते म्हणाले, "नुसतं बघितलं असतं तर पटापट सांगितलं असतं." तक्रार म्हणून नव्हे, माझी धडपड पाहून त्यांना वाईट वाटलं म्हणून.

सगळे फोटो संपल्यावर मी टीव्ही बंद करणार तेवढ्यात त्यांनी विचारलं, "त्यात हललेला एक आसंल. तो न्हाई लावलास?"

हललेले तीन-चार निघाले होते. ते मी बाजूला काढले होते. कंपनीत बाद मालासाठी लाल डबा असतो, तसं मी 'बाद' नावाचं फोल्डर करून त्यात ते टाकले होते.

"तुझी आई एकदाच आली हुती कंपनीत," अप्पा म्हणाले. "एरवी मी कॅमेऱ्यामागंच. त्या साली शेजारच्या मशीनवरच्या दोस्ताच्या हातात दिला, म्हनलं आमचा दोघांचा काढ. स्टुडिओवाल्यानं कॉपीच केली न्हाई. हललाय म्हनला, पैसे कशाला घालवताव. मी बी म्हनलं, जाऊ दे. आता ती गेल्यावर सारखं वाटायलं, की डब्यात हाय तो फोटो."

"अप्पा, डबा त्याच्यासाठी दिला होता तुम्ही?"

"नावं बी सांगायची हुती," ते म्हणाले. मग खुर्ची आणखी पुढे ओढत म्हणाले, "पर आधी तो बघायचा हुता."

हे त्यांनी दोन वर्षं मला सांगितलं नव्हतं. बायकोचा फोटो पाहायचाय, हे मुलीला कसं सांगायचं, असं वाटलं असणार. आणि मी काही विचारलं नव्हतं. मी काचेवरची धूळ पाहिली होती.

मी 'बाद' उघडलं आणि तो फोटो टीव्हीवर लावला. दोन माणसं, मध्ये लेथ, तिच्यावर केशरी पट्टे. एक बाई आहे हे पदरामुळे कळत होतं. चेहऱ्याच्या जागी नुसता गव्हाळ रंग, डोळे नाहीत, तोंड नाही. मी मोठा करून पाहिला, मग लहान करून पाहिला.

"तोंड कसं दिसतंय तिचं?" अप्पांनी विचारलं.

बावीस वर्षांत मी रिपोर्टात एकही आकडा मनानं लिहिलेला नाही. मी म्हटलं, "हसतेय."

"हसली व्हय," अप्पा म्हणाले. ते मान वळवून टीव्हीच्या कडेला कुठंतरी पाहत होते. "मला वाटायचं, भ्याली आसंल. ती भ्याली की एका पायावर भार देऊन उभी ऱ्हायची. हललेला आसू दे, मी बघितलं असतं तर मला कळलं असतं."

मी परत चित्राकडे पाहिलं. ती कशी उभी आहे ते मला ओळखता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला निघण्याआधी मी ती पट्टी डब्यातून काढली, बाल्कनीच्या काचेला लावली आणि फोननं फोटो काढला. रंग उलटे केले. मिनिटसुद्धा लागलं नाही. मग माझा स्कॅन काढून दोन्ही शेजारी-शेजारी ठेवले. दोन्हींत आई तेवढीच पुसट होती. कणभरही फरक नव्हता. दीड वर्षापूर्वी ह्याच काचेपाशी अप्पा ह्याच डब्यातली पट्टी धरून उभे होते, आणि तेव्हा त्यांना दिसत होतं.